गोठलेल्या नदीवरचा शेवट

दौलतमामा, शेवट अजून ठरलेला नव्हता आणि तुम्ही निघून गेलात.

तुमच्या आदरांजलीच्या सभेला, पुण्यानुमोदनाला, हॉल भरला होता. ओकव्हिलहून लोक आले, कोणी थेट लंडन-ओंटारिओहून बर्फातून गाडी चालवत आलं. माइकवर एकेकानं तुमच्याबद्दल सांगितलं. जन्म कुठला, नोकरी कुठे, मुलाला कसं शिकवलंत, कॅनडात कधी आलात. सगळं खरं होतं. पण मी मागच्या रांगेत बसून विचार करत होते, की एवढं ऐकून एखाद्या अनोळखी माणसाला तुम्ही कळाल का? तुम्ही ढोलकी वॉशरूममध्ये ठेवायचात हे कोणी सांगितलं नाही. पुनर्जन्मावरून तुम्ही एका कोरियन सिनेमाशी भांडलात हेही नाही. माइक माझ्याकडे आला तेव्हा मी "जयभीम, मी लिहून देईन" एवढंच म्हणाले आणि खाली बसले. बोलले असते तर रडले असते, आणि मी चारचौघांत रडत नाही. तुम्हाला माहीत आहे.

तर लिहायला बसले आहे. समोर शनिवारची तालीम आहे, त्यामुळे रडायला तसाही वेळ नाही.

आपली पहिली भेट आठवते का? जयंतीच्या कार्यक्रमाच्या आधी मी खुर्च्या लावत होते. तुम्ही जवळ आलात आणि विचारलंत, "कुठली गं तू? कोणाची?"

मला तो प्रश्न लहानपणापासून आवडत नाही. मी म्हणाले, "बदनापूरची. बी.एस्सी., केमिस्ट्री. आमच्या घरातली पहिली."

"कोणाची ते विचारलं," तुम्ही म्हणालात, "किती शिकली ते नाही विचारलं."

"मी तेच सांगते."

तुम्ही असे हसलात की दोन खुर्च्या माझ्या हातातून पडल्या. त्या दिवसापासून मी बीएस्सीबाई झाले. माझी आई तुमच्यासारखीच जालन्याकडची निघाली, म्हणून ती तुमची बहीण ठरली आणि तुम्ही मामा. नातं लावायला तुम्हाला एवढं पुरायचं.

पहिल्यांदा माझ्या कॉन्डोवर आलात तेव्हा लोक जिथे टीव्ही लावतात तिथे माझी पदवी फ्रेममध्ये पाहिलीत. इतर लोक ती पाहून गालात हसतात. माझे वडील वीटभट्टीवर होते, मी ती पदवी दिवाणखान्यात लावणारच. तुम्ही हसला नाहीत. चष्मा लावून समोर उभे राहिलात, वरपासून खालपर्यंत सगळी वाचलीत, आणि शेवटी म्हणालात, "कुलगुरूची सही झक्कास आहे." मग सोफ्यावर बसलात. त्या एका वाक्याच्या भरवशावर मी तुमच्याशी नंतरची सगळी भांडणं केली.

*

सिनेमा तुमच्या नातीनं, मित्रा तिचं नाव, लावला होता. तिला कोरियन सगळंच आवडतं, नूडल्सपासून गाण्यांपर्यंत. एका रविवारी सकाळी तुमचा फोन आला.

"बीएस्सीबाई, काल रात्री पोरीनं एक सिनेमा दाखवला. गाणारणीचा अन् चित्रकाराचा. जुन्या काळातला. लई चांगला. पण शेवटी त्यांनी घाण केली."

"काय केलं?"

"पुनर्जन्म घुसडला. गाणारीण बर्फावरनं चालत निघते, अन् एकदम आजचा जमाना. तीच बाई, केस कापलेले, हॉटेलात कॉफी पीत हसायली. आता हे आपल्याला पटतं का? आपण पुनर्जन्म मानत नाही. म्हणजे ती वाचली असंच समजायचं आपण."

मला काहीच कळेना. संध्याकाळी मी तुमच्या बेसमेंटमध्ये येऊन बसले आणि आपण तो सिनेमा परत लावला. मित्रानं रिमोट हातात घेतला, शेवटपर्यंत पाहिलं, आणि डोक्याला हात लावला.

"आजोबा, यू फेल अस्लीप. तो पिक्चर संपला होता. दॅट वॉज द नेक्स्ट वन. सेम अॅक्ट्रेस."

तुम्हाला बर्फाच्या सीनला डुलकी लागली होती, आणि जाग आली तेव्हा आपोआप पुढचा सिनेमा सुरू झाला होता. मी हसून हसून खाली बसले. पण तुम्ही गंभीर होतात.

"मंजे ती बुडाली?"

"बुडाली, मामा."

"मंग माझाच शेवट बरा होता," तुम्ही म्हणालात.

आपलं भांडण तिथे सुरू झालं.

*

ज्यांनी हा सिनेमा पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. कोरियात राजेशाही होती तेव्हाची गोष्ट. एक गाणारी आहे. तिच्या लोकांनी गावाबाहेर राहायचं, बोलावणं आलं की जायचं, गायचं, आणि अंगणाच्या कडेला बसून जेवून परत यायचं. तुम्ही पहिल्याच सीनला म्हणाला होतात, "हे तर आपलंच गाव." एका सरदाराच्या घरी तिला रोज गायला बोलावतात. तिचा आवाज त्या घरात चालतो, तिचं तोंड दिसलेलं चालत नाही. म्हणून तिला एका मोठ्या घडीच्या पडद्यामागे बसवतात. त्याच पडद्याच्या दर्शनी बाजूवर एक चित्रकार काम करतोय. तो पुढून रंगवतो, ती मागून गाते. अर्धा सिनेमा दोघं एकमेकांना पाहत नाहीत. तो जे ऐकतो ते रंगवतो.

मग व्हायचं ते होतं. एक दिवस तो पडद्याच्या मागे जातो. पुढे कधीतरी तिचा चेहरा त्या पडद्यावर उतरतो, आणि सरदाराला दिसतं की आपल्या पूर्वजांच्या पडद्यावर ही बाई बसली आहे. चित्रकाराला नदीतल्या बेटावर हद्दपार करतात. हिवाळ्यात नदी गोठते. ती त्याच्याकडे जायला बर्फावरून निघते, गात गात, त्याला कळावं म्हणून. धुकं असतं. तो काठावर उभा राहून ऐकतो. ओळ अर्ध्यात थांबते. सिनेमाचा पडदा पांढरा.

मला तो शेवट फार आवडला. मी तुम्हाला म्हणाले, की हे खरं आहे. जात माणसाला मारते. गोड करून दाखवायचं कशाला?

तुमची हरकत वेगळीच होती. "एवढी मोठी गाणारीण. कानाची एवढी पक्की. तिला बर्फाचा आवाज कळला नाही?"

"बर्फाचा कसला आवाज?"

ते तुम्ही मला पुढच्या रविवारी दाखवलंत. तुमच्या घरामागच्या पार्कमधल्या तळ्यावर. बर्फावर जाऊ नये अशी मोठी पाटी आहे तिथे, आणि तुम्ही पाटीच्या शेजारी उभं राहून, काठावरूनच, वाकून हातातल्या काठीनं बर्फ ठोकत होतात. काठाजवळ एक, हात लांब करून दुसरा. "ऐक. हा बसका. हा चढा. ढोलकीचं पान आहे हे. पातळ असलं की चढतं." कुत्रा फिरवणारी एक गोरी बाई थांबून बघायला लागली. तिनं विचारलं, सगळं ठीक आहे ना. मी म्हणाले, माझे मामा सिनेमाची चिकित्सा करतायत. ती "ओ, ओके" म्हणून पटकन निघून गेली.

मला दोन्ही ठोके सारखेच वाटले, हे मी तेव्हाच सांगितलं. तुम्ही म्हणालात, केमिस्ट्रीत ते शिकवत नाहीत. मी म्हणाले, समजा तिला कळलं. समजा बर्फ पातळ आहे हे ऐकू येऊनही ती गेली. तर? त्यावर तुम्ही काठी टेकत घराकडे निघालात. दारात बूट काढताना म्हणालात, "मंग तर अजून वाईट."

*

जलसा करायची कल्पना तुमचीच. तरुणपणी तुम्ही गावोगाव आंबेडकरी जलसे केले होते. एप्रिलच्या कार्यक्रमात दरवर्षी तीच भाषणं, तीच लहान मुलांची नृत्यं, मग जेवण. तुम्हाला वाटलं, या वेळी याच गोष्टीचा जलसा करावा. सुरुवातीला वंदना, मग थोडी थट्टामस्करी, मग वग. पडदा इथलाच, आपण रंगवायचा. चित्रकार म्हणून आयटीतला एक मुलगा मिळाला. गाणारी मित्रा. तिला मराठी बोलता येतं, गाता येत नाही. पण गाणारी पडद्यामागेच असते, म्हणून गाण्याची रेकॉर्ड लावू असं ठरलं.

कमिटीच्या मीटिंगमध्ये आपल्या सेक्रेटरींनी चष्मा पुसत विचारलं, "मामा, आपल्याकडे विषय कमी आहेत का? कोरियन कशाला?"

तुम्ही म्हणालात, "साहेब, तुम्ही गाडी कोणती चालवता?"

ते चष्मा पुसतच राहिले.

"कोरियनच ना? तिला तुम्ही कधी विचारलं नाही तू कशाला."

लिहायचं काम माझ्याकडे आलं. कारण मी पदवीधर, असं तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात. चिडवायला म्हणालात, पण मला ते चाललं. मी दर रविवारी तुमच्या बेसमेंटमध्ये यायचे. तुम्ही ढोलकी आणायचात वरच्या वॉशरूममधून. हिवाळ्यात हीटिंगनं हवा इतकी कोरडी होते की पानाचं चामडं ताणून ताणून फाटतं, म्हणून तुम्ही ती ओल्या टॉवेलशेजारी, शॉवरच्या वाफेत ठेवायचात. पाहुण्यांना वॉशरूममध्ये गेल्यावर आधी ढोलकी दिसायची. एकदा आमच्या एका स्टुडंट मुलीनं बाहेर येऊन हळूच मला विचारलं, "ताई, ती आत कशाला? काही प्रथा आहे का?"

मामी तिथेच असायच्या. एका कडेला मेथी निवडत, नाहीतर लसूण सोलत. "चहा घेणार का?" एवढंच विचारायच्या. त्या जलशात गात होत्या हे मला माहीत होतं. तुमच्या जुन्या फोटोत त्या मधोमध उभ्या आहेत, नाकावर राग घेऊन. लग्न झालं आणि त्यांनी स्टेज सोडलं, हेही माहीत होतं. पण ते मला एखाद्या दुसऱ्या माणसाची गोष्ट असल्यासारखं माहीत होतं. लसूण सोलणाऱ्या मामींची ती गोष्ट आहे, हे माझ्या डोक्यात जुळलंच नव्हतं.

सगळा वग लिहून झाला. शेवट राहिला.

"कशाला मारायलीस तिला?" तुम्ही म्हणायचात.

"मी नाही मारत. त्यांनी मारली."

"लोक पोरंबाळं घेऊन, विंटर टायर्स लावून, तास-तास गाडी हाकून येतेत. त्यांना रडवून घरी लावायचं? आमच्या जलशाला लोक बैलगाडीनं यायचे. जाताना गाणं म्हणत जायचे. बांधावरनं ऐकू यायचं. एकदा आम्ही रडका शेवट केला, तर दुसऱ्या गावानं आम्हाला बोलावलंच नाही."

"आणि खोटं सांगून पाठवायचं?"

"खोटं काय त्यात? तू वाचलीस की. तुझ्या बापानं विटा भाजल्या अन् तू इथं एअरपोर्टपाशी हापिसात बसून ट्रक हलवतीस. हे खोटं आहे का?"

यावर मी आवाज चढवायचे. मग मित्रा वरून ओरडायची, "कॅन यू गाईज नॉट?"

*

आता जे मी तुम्हाला सांगितलं नाही ते सांगते.

जानेवारीत आपली वाचनाची तालीम झाली, तुम्ही ताप आल्यामुळे नव्हतात. शेवटचं पान मित्रानं वाचलं. माझंच पान. ओळ अर्ध्यात थांबते, दिवे जातात. वाचून झाल्यावर तिनं कागद खाली ठेवला आणि विचारलं, "आत्या, व्हाय डू वुई ऑलवेज डाय?"

मी म्हणाले, ही कोरियन बाई आहे.

"यू नो व्हॉट आय मीन," ती म्हणाली.

मला कळलं होतं. ती सोळा वर्षांची आहे. पुस्तकात, सिनेमात, आमच्या भाषणांत तिच्यासारखी मुलगी आली की तिचं काहीतरी वाईट होतं, मग सगळे उभे राहून शांतता पाळतात. मी घरी आले आणि माझ्या पदवीसमोर बसून शेवट बदलला. गाणारी जगली. बेटावर पोचली. तुम्ही म्हणत होता तसंच, फक्त कॉफी नव्हती.

हे तुम्हाला लगेच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, कारण तुमच्याशी भांडायला मला आवडायचं. म्हटलं, दोन-तीन रविवार अजून भांडू, मग एकदम वाचून दाखवू. तुमचा चेहरा कसा होतो ते बघायचं होतं.

आणि मग फेब्रुवारीत तुमचा तो फोन. आवाज बारीक झाला होता, पण धार तशीच.

"बीएस्सीबाई, तुझं बरोबर आहे. मरू दे तिला."

मी ग्रोसरीच्या लाइनमध्ये उभी होते. हातात कोथिंबीर. "काय?"

"मी लई विचार केला. समजा ती पोचली. दोघं राहिले. तो चित्रं काढील. ती काय करील? भाकरी करील. लेकरं सांभाळील. गाणार कोण? बुडाली तर निदान गात गात बुडाली."

"मामा, हे काय बोलताय."

"मी बघितलंय," तुम्ही म्हणालात. "ढोलकी माझी अजून वाजती. तिचं गाणं लग्नात संपलं. मी कधी नको म्हणालो नाही. पण गा असंबी कधी म्हणालो नाही."

मी म्हणाले, रविवारी येते, मग बोलू. तुम्ही म्हणालात, ये, मेथी आणली आहे. त्याच गुरुवारी तुम्हाला हॉस्पिटलमध्ये नेलं, आणि तुम्ही परत आला नाहीत.

म्हणजे बघा काय झालं. मी तुमच्या बाजूला आले होते आणि तुम्ही माझ्या. आपण दोघं एकमेकांना पटवण्यात इतके हुशार, की दोघंही पटलो, आणि भांडण जसंच्या तसं राहिलं. हे आठवलं की मला हसू येतं, हॉलमध्येसुद्धा आलं होतं. शेजारच्या बाईनं माझा हात धरला. तिला वाटलं, मला हुंदका आला.

*

मागच्या रविवारी मी तुमच्याकडे गेले. सवयीनं बेसमेंटचं दार उघडणार होते, मग वर गेले. मामी स्वयंपाकघरात होत्या. मी बाहेर ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्यानं काढून आत आले म्हणून त्यांनी आधी मला ओरडून घेतलं, मुलाला, आनंदला, काय हात नाहीत का म्हणून. मग चहा दिला. मी बसले, आणि मला कसं विचारावं कळेना, कारण माझ्याकडे दोन शेवट होते, एक तुमच्या तोंडचा आणि एक माझ्या हातचा, आणि शनिवारी मुलांना एकच द्यायचा होता. तुम्ही शेवटी सांगितलंत ते करायचं, म्हणजे मित्राला परत बुडवायची. मित्राला वाचवायची, म्हणजे तुमचं शेवटचं म्हणणं मोडायचं.

मी दोन्ही सांगितले. तुमचं ते वाक्यसुद्धा सांगितलं, लग्नात गाणं संपलं ते. सांगू नये असं एकदा वाटलं. पण मला आडून बोलता येत नाही.

मामींनी सगळं ऐकून घेतलं. लसणाची पाकळी बाजूला ठेवली.

"एवढ्या रविवारी तुम्ही दोघं बोंबलत होता," त्या म्हणाल्या. "मी तिथंच होते. गाणारणीचं काय करायचं, हे गाणारणीला कुणी इचारलं?"

मामा, आपण दोघांनीही विचारलं नव्हतं. मी, जिनं केमिस्ट्रीत सगळ्या वर्गापेक्षा जास्त प्रश्न विचारले. आणि तुम्ही, जे लिफ्टमध्ये भेटलेल्या माणसाला विचारायचात तू कोणाचा.

"आता विचारते," मी म्हणाले.

"मंग सांग मला. ती बर्फावर निघालीच कशाला?"

"त्याला भेटायला."

"त्यानं यावं की. त्याला काय पाय नाहीत? बेट काय तिनं बांधलं होतं? पडद्यामागं तीच बसायची, अंगणात तीच जेवायची, अन् आता बर्फातबी तीच चालायची. तिनं काठावर बसावं अन् गावं. धुकं आहे ना? त्यानं आवाजाच्या मागं यावं."

आपण दोघांनी तो सीन कितीदा पाहिला असेल. तुम्ही बर्फ ठोकून पाहिलात. मी जातीवर भाषण दिलं. तो का नाही चालला, हा प्रश्न आपल्या दोघांच्याही मनात आला नाही.

"आणि तो बुडाला तर?" मी विचारलं.

"पोचंल. एवढी बाई गाऊन वाट दाखवायली, तरी पोचला नाही तर त्याचं त्यानं बघावं."

मग मी दुसरं विचारलं. मनात नव्हतं, तोंडातून गेलं. "मामी, गाणं खरंच संपलं होतं का?"

"कोण म्हणतं संपलं? ते म्हणाले म्हणून? त्यांना काय म्हाईत. ते ड्यूटीला गेले की मी गायचे. तिकडंबी अन् इकडंबी. इथं ते पार्कात गेले की न्हाणीत जाऊन गायचे. तिथं आवाज चांगला फिरतो."

"मग त्यांच्यासमोर का नाही?"

"ते असले की ढोलकी घेऊन बसायचे. अन् ढोलकीवाला लईच बोलका." त्या हसल्या. पदरानं डोळे पुसले, परत हसल्या. "त्यांनी एकदा गा म्हणायला पाहिजे होतं. अन् मी त्यांनी म्हणायची वाट बघायला नको होती. दोघं शहाणे."

त्या उठल्या आणि मला हाताला धरून वॉशरूममध्ये घेऊन गेल्या. ढोलकी तिथेच होती, तुम्ही ठेवली होती तशी, टॉवेलशेजारी. आनंदनं हलवली नाही. टॉवेल ओला होता. तुम्ही गेल्यावरही तो कोणीतरी रोज ओला करत होतं. मामींनी दार लावलं आणि तुमच्या जलशातली वंदना म्हणायला सुरुवात केली. आवाज थोडा चिरलेला, पण सुरात एवढा भक्कम की मी भिंतीला टेकले. वरच्या सुरावर त्या थांबल्या, आणि बोटानं मला खूण केली. हात लाव.

मी ढोलकीच्या पानावर तळहात ठेवला. त्या परत गायल्या. पान हाताखाली थरथरत होतं. कोणी वाजवत नव्हतं.

"बघ," मामी म्हणाल्या. "मी गायले की ही घुमती. इतकी वर्षं हिनंच ऐकलं. ते आले की तिच्यावरच वाजवायचे. त्यांना वाटायचं, वाफेनं आवाज सुधरतो."

मामा, विज्ञान सांगतं की हे साधं आहे. आवाजानं ताणलेलं चामडं कंप पावतं. मी बी.एस्सी. आहे, मला माहीत आहे. तरी मी तिथे बाथटबच्या काठावर बसून मनसोक्त रडले, आणि मामींनी मला त्याच ओल्या टॉवेलनं तोंड पुसायला दिलं.

*

तर शेवट असा ठरला आहे. गाणारी काठावर बसून राहते. चित्रकार बर्फावरून निघतो, हातात काठी, ठोकत ठोकत. ते तुमचं. गावाबाहेरची माणसं काठावर येऊन उभी राहतात, आणि सरदार त्यांना मागे हटवतो. ते माझं, ते मी काढणार नाही. दिवे कमी होतात. गाणं थांबत नाही. लोक उठून गाड्यांकडे जाईपर्यंत ते चालू राहणार आहे. सेक्रेटरी म्हणाले, मग जेवणाची घोषणा कधी करायची? मी म्हणाले, गाण्यातच करा.

रेकॉर्ड लावायची नाही. पडद्यामागे मामी बसतील. मित्राला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आजी कॅन सिंग?" मामींची एकच अट आहे. शेवटी, गाणं चालू असतानाच पडदा घडी करायचा, आणि त्यांना सगळ्यांनी बघायचं. नाकावरच्या रागासकट.

ढोलकी वाजवणारं कोणी मिळालं नाही. खरं सांगायचं तर आम्ही शोधलं नाही. ती मामींच्या शेजारी ठेवणार आहोत, पान त्यांच्या तोंडाकडे करून. पहिल्या रांगेत बसणाऱ्याला कदाचित ऐकू येईल.

तुमची जागा पहिल्या रांगेतच असायची. या वेळी तिथे मी बसते. वाद घालायला कोणी नसेल, तर निदान नीट ऐकेन.